पूल कुणाचा

४ नोव्हेंबर

दादा,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. नुसतं दादा लिहिते. ते कुणाला खोडता येणार नाही, तुलासुद्धा.

ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बसचा क्लच दाबण्याइतका जोर त्या पायात परत येईल असं छातीठोक सांगता येत नाही. तुझ्या त्या नावाड्याने, सगळे ज्याला रेडा म्हणतात त्याने, वल्ह्याने मारलं. पहिला फटका पाठीत बसला तेव्हा हे पालथे पडले. मग दोघांनी हात धरले, आणि रेड्याने लाकूड फोडताना बघावी तशी जागा बघून दुसरा फटका घातला. आवाज मी ऐकला. तू पत्र्याच्या शेडमध्ये बसला होतास, हातात चहाचा ग्लास होता. तो ग्लास तू खाली ठेवलास. तेवढंच. उठला नाहीस.

आम्ही आईला बघायला येत होतो, भांडायला नाही. होडीत घेणार नाही एवढं सांगितलं असतंस तरी आम्ही मागे फिरलो असतो. लांबच्या पुलावरून वळसा घालून आलो असतो, सगळा दिवस गेला असता इतकंच.

पण आईचा प्रश्नच नव्हता, हे मला कळत नाही असं समजू नकोस. ह्याच महिन्यात ह्यांची साक्ष आहे. दोन्ही काठांवर सगळ्यांना माहीत आहे की खटला त्या एका साक्षीवर अडलाय. कोर्टाने पूल बांधायला लावला तर तुझ्या होड्यांत कोण बसणार? ह्या काठची नगरपालिका म्हणते, आमची हद्द पाण्याच्या कडेला संपते. त्या काठचीही तेच म्हणते. रस्ते खातं म्हणतं, तो पूल आमच्या नकाशातच नव्हता. म्हणजे आपले बाबा ज्या पुलासकट खाली गेले, तो पूल हवेतच लटकत होता म्हणायचा.

त्या दिवशी तू किती जणांना बाहेर काढलंस ते मी विसरलेले नाही. कोणीच विसरलेलं नाही. हात सोलून निघाले होते तुझे. सगळ्यात शेवटी बाबांना काढलंस आणि त्यांच्या छातीवर दाबत राहिलास. लोक म्हणत होते, सोड आता. तेव्हापासून तू एकच बोलतोस: माणसं बुडत होती तेव्हा पुलाचा मालक म्हणून एक माणूस आला नाही, आता नदी माझी. मी म्हणते, आला नाही म्हणूनच त्याला शोधून कोर्टात उभा करायचा. एकाच मढ्यापासून उठून आपण दोघं दोन दिशांना गेलो.

हे साक्ष देणार आहेत. खुर्चीत बसवून नेईन, नाहीतर खाटेवरून नेईन.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पोस्टमन तुझ्याच होडीतून येतो. पत्र पोचलं नाही तर ते कुठे बुडालं हे मला कळेल.

आईच्या खोकल्याचं कोणीतरी कळवा. तू नाहीतर वहिनी.

तुझी बहीण


१९ नोव्हेंबर

दादा,

साक्ष झाली. तुला खबर लागलीच असेल, पण तुझी माणसं तुला चवीने काय सांगतील ते मला माहीत आहे, म्हणून मीच सांगते.

धाकट्या दिराने आणि गॅरेजमधल्या त्याच्या दोन मित्रांनी ह्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. प्लास्टर केलेला पाय पुढे तोफेसारखा. कोर्टाचा जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली, तर हे म्हणतात, "हॉर्न वाजवा रे कोणीतरी." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, कसलं तोंड झालं असेल देव जाणे.

न्यायाधीशबाई अगदी बारीक आवाजात बोलतात. मागच्या बाकावरच्यांना मान पुढे काढावी लागते, त्यामुळे आपोआप शांतता होते. त्यांनी ह्यांना विचारलं, "त्या दिवशी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा."

तुला आठवत असेल तो किस्सा, आपल्या घरी हे किती वेळा सांगायचे. पुलाच्या ऐन मध्यावर बसचा टायर फुटला. इकडून ह्या काठच्या नगरपालिकेचा शिपाई धावत आला, तिकडून त्या काठचा. दोघांचं एकच म्हणणं, पुलावर गाडी उभी केली, दंड भरा. हे म्हणाले, "एकालाच भरीन. कुणाची हद्द ते ठरवा." मग दोघे तिथेच जुंपले. हा म्हणे पूल आमचा, तो म्हणे दिवे आमचे. ह्याने त्याची टोपी नदीत फेकली. त्याने ह्याची शिट्टी तोडली. शेवटी दोघांनीही दंड केला, आणि दोन्ही दंड ह्याच कोर्टात कायम झाले. लेखी कुणाकडेच काही राहिलेलं नाही, म्हणून जिवंत माणूस हवा होता.

कोर्टात हशा पिकला. कारकूनही हसला. त्या काठच्या नगरपालिकेचा वकील उठला आणि म्हणाला, "तुम्ही ही गोष्ट रंगवून सांगताय."

हे म्हणाले, "साहेब, टोपी मीच वरून बघितली वाहत जाताना. रंग खाकी होता."

पुन्हा हशा. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या वकिलाला विचारलं, "तुमच्या शिपायाची टोपी हरवली होती का?" तो कागद चाळत राहिला. तो शिपाई आता म्हातारा झालाय, तिथे मागेच बसला होता. तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "हरवली होती. पगारातून कापली."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण जिंकू.

आम्ही बाहेर आलो आणि दगड सुरू झाले. पहिला दगड आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडावर बसला. दोन दात तिथेच पायरीवर पडले. ते खाली वाकून चष्मा शोधत होते, तर कोणीतरी त्यांच्या बोटांवर बूट ठेवून दाबला. खुर्ची उलटली. ह्यांच्या अंगावर मी आडवी पडले, माझ्या पाठीवर लाथा बसल्या, त्या कुणाच्या ते मागे वळून बघता आलं नाही. धाकट्याने एकाचं नाक फोडलं. कारकुनाच्या डोळ्यात काच गेली. त्या माणसाचा ह्या प्रकरणाशी काय संबंध होता, दादा? तो फक्त खिडकी लावायला उठला होता.

घरी येताना वाटेत माझं दुकान लागतं. दार नव्हतं. तिन्ही शिवणयंत्रं नदीत. वकिलांचे शिवायला आलेले काळे कोट फाडून चिखलात लोळवलेले. आरशावर तुझ्या माणसांनी कोळशाने लिहिलंय, 'आता पोहत ये.' अक्षर चांगलं आहे. शाळेत गेलेला आहे कोणीतरी.

मी एका यंत्राचं चाक पाण्यातून काढलं. बाकीचं गाळात गेलं.

तरी आईच्या खोकल्याचं कळव.


७ डिसेंबर

दादा,

तुझ्या होड्या जळाल्याचं मला सकाळी दूधवाल्याकडून कळलं.

कोणी जाळल्या ते मला माहीत नाही. तू लगेच आमच्याकडे बोट दाखवशील म्हणून आधीच सांगून ठेवते. धाकटा घरीच होता. त्याचा शर्ट मी धुतला, पण तो गॅरेजमध्ये काम करतो, गॅरेजवाल्याचे शर्ट धुवावेच लागतात, त्यात विशेष काही नाही. आणि त्याच्या भुवया आधीपासूनच विरळ आहेत.

होडी ओढून काढताना रेड्याचे दोन्ही हात भाजले असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवते, उगाच उद्या कोणी मला भली बाई म्हणायला नको.

तुझ्या माणसांनी बदल्यात आमच्या गल्लीतल्या कुणाला हात लावला तर मी पोलिसांत जाईन. गेल्या वेळी गेले नाही. का गेले नाही ते तुला माहीत आहे.

तुझी बहीण


२३ जानेवारी

दादा,

काल निकाल लागला आणि काल धाकटा गेला.

सगळं क्रमाने लिहिते. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. तू तिथे होतास, तरी लिहिते.

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला तेव्हा बाहेर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तू खिडकीपाशी उभा होतास. अंगावर कोट होता आणि काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं छत्री असेल. बाई म्हणाल्या, "पूल उभा होता तेव्हा त्याला दोन मालक होते. पूल पडला, माणसं मेली, आणि त्या दिवसापासून एकही मालक उरला नाही. हे या न्यायालयाला मान्य नाही. हद्द सांगून ज्यांनी दंड घेतला, त्यांनी पूल आपला म्हटला. आपला म्हटला त्यांनी तो बांधायचा."

दोन्ही नगरपालिकांनी मिळून बांधायचा. रस्ते खात्याने देखरेख करायची. इथपर्यंत तुझा चेहरा तसाच होता, मी बघत होते. मग त्यांनी पुढचं वाचलं. पूल होईपर्यंत दोन्ही नगरपालिकांनी स्वतःच्या होड्या चालवायच्या, फुकट. त्यावर लोक ओरडले, टाळ्या वाजल्या, आणि तू खिडकीतून दिसेनासा झालास.

पायऱ्यांवर धाकटा तुझ्यासमोर आला. तो काय म्हणाला ते मी ऐकलं. "दादा, होड्यांची लाकडं करा आता, थंडी आहे." उद्धट बोलला, मान्य. त्याच्या मागच्या खिशात पाना होता हेही मान्य, तो त्याच्या खिशात कायमच असायचा, जेवतानासुद्धा. पण त्याने तो काढला नाही. त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

गोणपाटातून तू होडी ओढायचा लोखंडी आकडा काढलास. पहिला घाव खांद्यात बसला. तो खाली बसला आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "अहो दादा..." लहानपणी पाण्यात दम लागला की म्हणायचा, अगदी तसंच. तूच त्याला पोहायला शिकवलंस. मग तू दुसरा घाव मानेवर घातलास.

माझ्या हातात सुई-दोऱ्याने शिवून आणलेला कोट होता, वकीलसाहेबांना द्यायचा होता. तो मी त्याच्या मानेवर दाबून धरला. काळ्या कापडावर रक्त दिसत नाही, दादा. कोट फक्त जड होत जातो. मला वाटत होतं थांबलं, थांबलं. तो माझा अंगठा धरून होता. मग बोटं सैल झाली.

आणि हो, होड्या त्यानेच जाळल्या होत्या. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुला ते वाचतानाच कळलं असेल.

पायऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या, पण कुणालाच काही दिसलं नाही. इन्स्पेक्टरने एकेकाला विचारलं, सगळे म्हणाले, गर्दी होती. मग त्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही तर अगदी जवळ होतात. कोणी मारलं?"

मी म्हटलं, "गर्दी होती. दिसलं नाही."

घरी ह्यांनीही विचारलं. धाकट्याला झाकून ठेवलं होतं, त्याच्या उशाशी काठी टेकून बसले होते. "तुला खरंच दिसलं नाही?" मी नाही म्हटलं. ह्यांनी परत विचारलं नाही. परत विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी का खोटं बोलले ते नीट ऐक. तुला वाचवायला नाही. तू स्वतः येशील म्हणून. तू होडीत बसशील, ह्या काठाला येशील, आणि चौकीत जाऊन सांगशील की मी मारलं. माणसं मेल्यावर एक जण पुढे आला नाही, याचा राग धरून तू इतकी वर्षं जगलास. आता तू पुढे ये.

इथले पोलीस म्हणतात, संशयित त्या काठाला गेले, तिथल्या चौकीने बघावं. तिथले म्हणतात, गुन्हा ह्या काठाला झाला, आमचा काय संबंध. ऐकून मला हसायला आलं, आणि हसू थांबेना तेव्हा शेजारणीने माझ्या तोंडावर पाणी मारलं.

मी वाट बघते.


१० फेब्रुवारी

दादा,

तू आला नाहीस. रेड्याला पाठवलंस.

आज त्याला कोर्टात आणलं. कोठडीत त्याला मारलेलं होतं, एक डोळा बंद झाला होता आणि ओठ फुटला होता. मला वाटलं होतं, ह्या माणसाला असा बघून माझ्या पोटात थंडावा पडेल. ह्यांचा पाय मोडताना त्याने जीभ दाताखाली धरली होती, कामात लक्ष असल्यासारखी. ते अजून मला दिसतं.

बाईंनी विचारलं, "तुम्हीच मारलं?"

तो म्हणाला, "होय. मीच."

"कशाने?"

"आकड्याने."

मग त्याला ठसका लागला. शिपायाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर त्याला तो धरता येईना. दोन्ही तळवे अजून कच्चे आहेत, बोटं वळत नाहीत. शिपायाने ग्लास त्याच्या तोंडाला लावला आणि लहान मुलासारखा तो पाणी प्यायला. सगळ्या कोर्टाने ते बघितलं, पण बघून कोणी काही बोललं नाही. तू त्याला लावून दिलेल्या वकिलाने घाईने दुसरा विषय काढला.

बाहेर नेताना तो माझ्या शेजारून गेला. मी म्हटलं, "का रे? का म्हणतोस असं?"

त्याने मान वर केली नाही. "मालकांनी पोराबाळांचं बघतो म्हटलंय, ताई."

मालक. तुला नदीचा मालक व्हायचं होतं ना. तू नगरपालिका झालास, दादा. टोपी तुझी, शिट्टी तुझी, आणि माणूस मेला की हद्द दुसऱ्याची.

संध्याकाळी आईचा फोन आला. वहिनीने लावून दिला होता. आधी नुसती खोकत होती. मग म्हणाली, "मला एकच मुलगा आहे. तू तोंड बंद ठेव."

मी म्हटलं, "आई, तो रेडा फासावर जाईल."

"जाऊ दे. त्याने तुझ्या नवऱ्याला लंगडा केला. तुला कशाला पुळका?"

"पुळका नाही. पण त्याने मारलेलं नाही."

"तुझ्या सासरचा पोरगा होता तो. हा तुझ्या पाठीला पाठ लावून आलेला आहे."

"आधी आलेला आहे," मी म्हटलं. वेडेपणाने असलं काहीतरी तोंडातून निघून जातं. तिने फोन ठेवला.

मग मी ह्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं. आकडा, गोणपाट, दुसरा घाव. हे काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मग काठी उचलून त्यांनी कपाटाच्या काचेवर घातली, मग भिंतीवर, मग माठावर. मोडण्यासारखं सगळं मोडलं. मी कोपऱ्यात उभी होते, मला त्यांनी हात लावला नाही. दमल्यावर म्हणाले, "इतके दिवस माझ्या शेजारी निजलीस."

"हो."

"उद्या सांगणार आहेस?"

"हो."

"मला खूश करायला सांगू नकोस. जे दिसलं तेवढंच सांग, एक शब्द जास्त नको." आणि मग फुटलेल्या माठाचं पाणी पुसायला लागले, एका पायावर बसून.

म्हणून हे पत्र. मी उद्या चौकीत जाणार आहे. तुला आधी कळावं एवढं मी तुझं देणं लागते. पळून जायचं असेल तर अजून वेळ आहे. पण तू पळणार नाहीस, मी तुला ओळखते. तू नदी सोडून कुठे राहशील?

तुझी बहीण


३ ऑक्टोबर

दादा,

तुरुंगात पत्र आधी दुसरं कोणी वाचतं म्हणे. वाचू दे.

शिक्षा झाल्यापासून तू वहिनीलाही भेटला नाहीस असं कळलं. तिला भेट. तिचा दोष नाही.

तुझ्या वकिलाने मला दोन दिवस पिंजऱ्यात उभं ठेवलं ते तू समोर बसून ऐकलंस. तो प्रश्न त्याने किती रंगवून विचारला! "पुलाच्या खटल्यावरून तुमचं भावाशी वैर होतं की नाही?"

"होतं."

"त्याच्या माणसांनी तुमच्या नवऱ्याला जखमी केलं, दुकान फोडलं. राग होता?"

"आहे."

"म्हणजे सूड म्हणून तुम्ही आज हे सांगताय. नाहीतर पहिल्या दिवशी पोलिसांना 'दिसलं नाही' का म्हणालात?"

"तो माझा भाऊ आहे म्हणून."

"आणि आज तो भाऊ नाही?"

"आजही आहे."

त्यावर तो खाली बसला, आणि तू उठलास. कठड्यावरून उडी मारून तू माझ्यापर्यंत पोचलास. तुझे हात माझ्या गळ्यावर होते, दादा. खरं सांगू? तुझे हात कसे होते ते मी विसरले होते. अजून तसेच खरखरीत आहेत. शिपायांनी तुला दंडुक्यांनी बडवलं तरी तू सोडत नव्हतास आणि एकच ओरडत होतास, "तेव्हा कुठे होते सगळे? तेव्हा कुठे होते?" तुझ्या कपाळावरचं रक्त माझ्या तोंडात गेलं. मला श्वास मिळत नव्हता, आणि तरी मला वाटत होतं, ह्याच्या प्रश्नाला अजूनही कोणी उत्तर दिलेलं नाही.

माझा आवाज महिनाभर गेला होता. आता परत आलाय, जरा घोगरा. गिऱ्हाइकं म्हणतात, फोनवर आम्हाला वाटलं साहेब बोलताहेत.

रेडा सुटला नाही. खुनातून सुटला, पण ह्यांच्या पायाबद्दल त्याच्यावर वेगळी केस होती. त्यातही साक्ष मीच दिली. त्याच्या बायकोने कोर्टाबाहेर मला हात जोडले आणि मग पायाच्या साक्षीचं कळल्यावर शिव्या घातल्या. दोन्ही बरोबर होतं.

पुलाचं म्हणशील तर दोन्ही नगरपालिका वरच्या कोर्टात गेल्या होत्या, तिथे हरल्या. आता ह्या काठाला यंत्र आलंय, दिवसभर जमिनीत खांब ठोकतं. त्या आवाजाने घरातली भांडी हलतात. हे खिडकीत बसून बघतात. क्लच दाबता येत नाही, म्हणून डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. लोकांना बसच्या वेळा सांगतात आणि वर सल्लेही देतात. धाकट्याचं नाव काढत नाहीत. त्याचा पाना मात्र ह्यांच्या खिशात असतो, जेवतानासुद्धा.

आता मुख्य गोष्ट. काल आई आली होती.

नगरपालिकेच्या होडीतून एकटीच आली. पूल पडल्यापासून ती पाण्यावर पाय ठेवत नव्हती, तुझ्या स्वतःच्या होडीतही कधी बसली नव्हती. मी एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होते. दारात बघते तर ही उभी. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, ओठ निळे. मी टेप टाकून पुढे झाले. तिने मला थोबाडीत मारली. गिऱ्हाईक मागे सरकलं. मी तशीच उभी राहिले, तर तिने दुसऱ्या गालावर मारली, पहिल्यापेक्षा जोरात. तोल जाऊन पडली असती, म्हणून मी तिला धरलं. ती माझ्या अंगावर पडूनच मारत होती, पाठीवर, डोक्यावर, जिथे हात पोचेल तिथे. हातात जोर राहिलेला नाही तिच्या. मी तिला मारू दिलं. मग तिचं मारणं थांबलं, पण तिने मला सोडलं नाही.

मला धरूनच म्हणाली, "मला त्याच्याकडे घेऊन चल. मला बसमधलं काही कळत नाही."

रात्री ती आमच्याकडेच राहिली. ह्यांनी तिला आपली खाट दिली आणि खाली अंथरुणावर झोपले. सकाळी बघते तर ती ह्यांच्या पायाला तेल चोळत होती. एक अक्षर न बोलता, रागाने, कणीक तिंबावी तसं. हे छताकडे बघत होते.

शनिवारी भेटीची वेळ असते असं चौकीतून कळलं. मी आईला घेऊन येते. ती आत येईल. तू येणार नाही म्हणालास तरी ती दारातून हलणार नाही, तेव्हा शिपायांचा जीव खाऊ नकोस, मुकाट्याने बाहेर ये.

मी फाटकाबाहेरच्या बाकावर बसेन. मला आत बोलवायचं की नाही, ते तू ठरव. आईपाशी निरोप देऊ नकोस, ती तो माझ्यापर्यंत पोचवणार नाही. पहारेकऱ्याला सांग. वेळ संपेपर्यंत मी बसलेली असेन.

तुझी बहीण